नाक्यावरचा गॉगल

उरणमध्ये हत्यारबंद पहाऱ्याशी गाठ पडायला काही विशेष कारण लागत नाही. करंज्याकडे नौदलाची हद्द आहे. ओएनजीसीच्या प्रकल्पावर आणि जेएनपीए बंदरावर सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो. समुद्रात तटरक्षक दल आणि सागरी पोलीस. पाटी घेऊन निघालेली मावशी, कंटेनर यार्डात कामाला जाणारा पोरगा, पीरवाडीच्या किनाऱ्यावर फिरायला आलेले कुटुंब, सगळेच कधी ना कधी कुठल्यातरी फाटकासमोर थांबतात.

समोरच्या जवानाच्या डोळ्यांवर काळा गॉगल असला, की आपली जरा गडबड उडते. तो आपल्याकडे बघतोय की मागच्या ट्रेलरकडे? चिडलाय की नुसताच उन्हाने वैतागलाय? त्या अर्ध्या मिनिटात नेमके काय चाललेले असते, त्याने काय करायला हवे आणि आपण काय, ते टप्प्याटप्प्याने बघू.

सुरुवातीलाच एक फरक सांगून ठेवतो. सीआयएसएफचे जवान हे लष्कराचे सैनिक नव्हेत. ते दल गृहमंत्रालयाच्या हाताखाली येते. पण समोर गणवेश, बंदूक आणि गॉगल असला की आपल्याला तो फरक जाणवत नाही. म्हणून इथे सगळ्यांना जवानच म्हणू.

आधी गॉगलची बाजू ऐकून घ्या. तो निव्वळ ऐटीसाठी नसतो. बंदराच्या भागात खालून काँक्रीट तापते, बाजूने ट्रेलर धूळ उडवतात, आणि खाडीच्या पाण्यावरून ऊन उलटून डोळ्यांत येते. वर्षानुवर्षे असे ऊन खाल्ले की डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांसल पापुद्रा सरकू लागतो. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. उन्हात आणि पाण्यावर काम करणाऱ्यांत, म्हणजे मच्छीमार आणि शेतकऱ्यांतही, तो दिसतो.

सैनिकी बनावटीच्या गॉगलची काच पॉलिकार्बोनेटची असते. हे एक चिवट प्लॅस्टिक आहे आणि उडालेला खडा किंवा बारीक कपची ते अडवते. तेव्हा जवानाने गॉगल वापरूच नये, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

आता काच किती काळी असते ते पाहू. उन्हात वापरायचे नेहमीचे गॉगल तिसऱ्या श्रेणीचे असतात. बाहेरच्या प्रकाशापैकी ८ ते १८ टक्के प्रकाशच ते आत सोडतात. घालणाऱ्याला बाहेरचे पुरेसे दिसते, पण बाहेरून त्याचे डोळे दिसत नाहीत. आरशासारखा लेप दिलेली काच तर समोरच्याला त्याचाच चेहरा दाखवते. नाक्यावर अशा काचेला जागाच असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारात रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त गॉगलचे दुखणे वेगळेच. काच काळी असल्याने डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि अतिनील किरण अडवणारा थर नसेल तर ते किरण उलट जास्तच आत जातात.

डोळे झाकल्याने बिघडते काय? माणसाच्या डोळ्यात पांढरा भाग ठळक आणि भरपूर दिसतो. इतर वानरकुळात तो बहुधा गडद असतो. कोबायाशी आणि कोशिमा या जपानी संशोधकांनी १९९७ साली हा फरक मांडला. त्या पांढऱ्यामुळे कोण कुठे बघतोय हे आपल्याला लांबूनही कळते, आणि त्यावरून आपण माणूस जोखतो. काळी काच नेमके तेच काढून घेते. चेहऱ्याचा उरलेला भाग शांत असला तरी समोरच्याला तो कठोर वाटू लागतो.

सैन्यांनाही हे अनुभवाने कळले आहे. इराकमधल्या बहुराष्ट्रीय फौजांचे प्रमुख जनरल डेव्हिड पेट्रेयस यांनी २००८ च्या उन्हाळ्यात आपल्या सैनिकांसाठी सूचना काढल्या. पायी गस्त घाला आणि लोकांपाशी थांबा, असे त्यांत सांगितले होते. कारण सरळ होते. चिलखती काचेआडून परिसरात काय शिजते आहे ते समजत नाही. दोन वर्षांनी अफगाणिस्तानात गेल्यावर त्यांनी हीच सूचना पुन्हा काढली आणि तीत ‘गॉगल उतरवा’ हेही घातले.

आता आपल्या फाटकावर या. पहिला टप्पा लांबचा, वीस-तीस पावलांचा. इथे जवान आपल्या डोळ्यांत बघतच नसतो. तो बघतो हात, खांद्यावरची पिशवी, गाडीचा वेग, आत किती माणसे आहेत ते. या अंतरावर गॉगल असला तरी काही बिघडत नाही. आपण वेग कमी करावा, रात्र असेल तर दिवा डिपरवर घ्यावा आणि गाडीतला दिवा लावावा. दुचाकीवर असाल तर हेल्मेटची काच वर करा. आपणही गॉगल लावलेला असेल तर तो इथेच काढा. बरेच जण हे विसरतात आणि मग दोन काळ्या काचा एकमेकींकडे बघत राहतात.

दुसऱ्या टप्प्यात गाडी थांबते. नीट आखलेल्या नाक्यावर दोन जवान असतात. एक पुढे येऊन बोलतो, दुसरा चार पावले मागे, बाजूला उभा राहून सगळीकडे नजर ठेवतो. तो मागचा गॉगल काढणार नाही आणि हसणारही नाही. त्याचे काम तेच आहे. ते मनाला लावून घेऊ नका आणि त्याच्याशी बोलायलाही जाऊ नका. बोलायचे ते पुढच्याशी.

तिसरा टप्पा हाताच्या अंतरावरचा, आणि सगळे घडते-बिघडते ते इथेच. बोलणाऱ्या जवानाने तोंड उघडण्याआधी गॉगल काढावा. काढून कपाळावर चढवू नये, खिशात ठेवावा. कपाळावरचा गॉगल फिल्मी दिसतो आणि मान हलली की खाली घसरतो. मग एकदा नजर, एक नमस्कार किंवा नुसती मान, आणि नंतर प्रश्न. हा क्रम उलटा झाला, आधी दरडावणी आणि मग नजर, तर पुढचे सगळे बोलणे वाकड्यात जाते.

नजर किती वेळ द्यायची? लंडनच्या विज्ञान संग्रहालयात सुमारे पाचशे लोकांवर केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाने सरासरी तीन सेकंदांच्या आसपास बघितले तर लोकांना बरे वाटते, असे त्यात दिसले. फार कमी बघितले तर आपल्याला मोजलेच नाही असे वाटते. फार वेळ रोखून बघितले तर ती धमकी होते. बायकांच्या बाबतीत तर रोखून बघण्याचा अर्थ आणखी वाईट होतो. तेव्हा थोडे बघायचे, नजर कागदाकडे न्यायची, पुन्हा थोडे बघायचे.

उलट बाजूनेही गफलत होते. आपल्याकडे म्हातारी माणसे, तरुण मुली, कधी कधी शाळकरी पोरे मोठ्या हुद्द्याच्या माणसासमोर नजर खाली ठेवतात. ती रीत आहे. पण परक्या प्रांतातून आलेल्या नव्या जवानाला वाटते, हा नजर चुकवतोय, म्हणजे काहीतरी लपवतोय. ही समजूत जगभर आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८ देशांतल्या लोकांना खोटारडा कसा ओळखायचा असे विचारले, तेव्हा सगळ्यात जास्त मिळालेले उत्तर हेच होते. प्रत्यक्षात खोटे बोलण्याच्या खुणा तपासणाऱ्या प्रयोगांत नजर चुकवणे ही भरवशाची खूण ठरलेली नाही. सराईत माणूस तर मुद्दाम डोळ्याला डोळा लावून बोलतो.

त्यात भाषेचीही अडचण. जवान देशाच्या कुठल्याही टोकाचा असतो आणि आगरी बोली त्याच्या डोक्यावरून जाते. मग तो हिंदीत विचारणार, आपली आजी तिच्या बोलीत उत्तर देणार. अशा वेळी निम्मे बोलणे चेहऱ्यावरच चालते. दोघांच्या मध्ये काळी काच असली तर तेही बंद पडते.

उरणला गणवेशाच्या जुन्या आठवणीही आहेत. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबारात आठ जण गेले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन पेटले होते, तेव्हाच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांचे स्मृतिदिन आजही पाळले जातात. त्यावर नौदलाच्या सुरक्षा पट्ट्यातल्या घरांचा वाद आहेच. फाटकावर नव्याने नेमलेल्या पोराला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या वरिष्ठाने मात्र ते त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

चौथा टप्पा कागदांचा. आजकाल ओळखपत्र मोबाइलवर दाखवतात आणि इथे एक गंमत होते. जवानाचा गॉगल पोलराइज्ड असेल तर त्याला आपला पडदा काळा दिसू शकतो. पाण्यावरून उलटणारी चकाकी मुख्यतः आडव्या दिशेने कंप पावते. पोलराइज्ड काच नेमकी तीच अडवते. पुष्कळ मोबाइलच्या पडद्यांतूनही असाच एकाच दिशेचा प्रकाश येतो, आणि दिशा जुळली नाही तर तो काचेत अडतो. जवान म्हणतो, ‘कुछ दिखता नहीं’. आपण म्हणतो, हा मुद्दाम अडवतोय. फोन आडवा करून बघा, बहुधा दिसेल. त्याने गॉगल काढला तर प्रश्नच मिटला.

ऊन थेट तोंडावर येत असेल तर गॉगल काढणे खरोखर जड जाते. तो जवानाचा दोष नाही, नाका जिथे मांडला त्या जागेचा आहे. गाडी थांबवायची खूण ताडपत्रीच्या किंवा चौकीच्या सावलीत आणली की दोघांचेही डोळे सुटतात. खर्च जवळजवळ नाही, पण असे करून ठेवलेले नाके थोडेच.

समुद्रातली तपासणी मात्र वेगळी. हलत्या नौकेवर, अंगावर पाणी उडत असताना गॉगल काढा म्हणणे बरोबर नाही. तिथे तपासणीला चढलेल्या अधिकाऱ्याने केबिनच्या आडोशाला येऊन तांडेलाशी बोलावे. खलाशांनी बायोमेट्रिक कार्ड, नौकेची नोंदणी आणि परवाना एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, हाताशी ठेवावा. जाळ्याखाली कागद शोधताना पाठ फिरते आणि हात दिसेनासे होतात. संशयाला तेवढे पुरते.

एक अपवाद लक्षात ठेवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काळा चष्मा लावलेली माणसे असतात. सोबत कोणी असेल तर त्यांनी तसे आधीच सांगावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी. चेहरा पटवायचाच असेल तर सावलीत नेऊन क्षणभर चष्मा वर करायला सांगता येते. भर उन्हात तो ओढून काढायला लावणे हा आडदांडपणा झाला.

शेवटचा टप्पा सोडण्याचा. ‘जाइए’ म्हणताना परत एकदा नजर आणि कागद हातात परत. दुसरीकडे बघत हाताने हुसकावलेला माणूस पुढच्या वेळी काही सांगायला थांबत नाही. उरणमध्ये ते सांगणे किती मोलाचे असते, हे सगळ्यांनी पाहिले आहे. २२ सप्टेंबर २०१६ ला, उरीच्या हल्ल्याला चार दिवस झाले असताना, इथल्या शाळकरी मुलांनी चेहरे झाकलेली हत्यारबंद माणसे दिसल्याचे शाळेत सांगितले. शाळेने पोलिसांना कळवले. नौदल, एटीएस, एनएसजी कामाला लागले, शाळा बंद ठेवल्या गेल्या, संशयिताचे रेखाचित्र निघाले. कोणी सापडले नाही. पण एवढी सगळी यंत्रणा हलली ती मुलांच्या सांगण्यावर.

अशी वेळ आपल्यावर आली आणि समोरच्याचे डोळे गॉगलने किंवा चेहरा कापडाने झाकलेला असेल, तर डोळ्यांच्या मागे लागू नका. उंची एखाद्या दाराशी किंवा रिक्षाशी ताडून बघा. चाल, पायातले बूट, कानाचा आकार, हातावरची खूण, कुठली भाषा बोलत होता, कोणत्या दिशेला गेला, हे ध्यानात ठेवा आणि लगेच कागदावर उतरवा. दुसऱ्याशी बोलण्याआधी उतरवा, कारण चार जणांत चर्चा झाली की चौघांची वर्णने एकसारखी होऊन बसतात. मग किनाऱ्यावरचे असेल तर सागरी पोलिसांना १०९३, समुद्रातले असेल तर तटरक्षक दलाला १५५४ आणि बाकी कुठलेही असेल तर ११२ या क्रमांकावर कळवा.