अन्नाची वाट (लेखांक ६) : खाल्लेले अंगी का लागत नाही?

जठरातले आणि स्वादुपिंडातले पाचकरस अन्नाचे बारीक घटक कसे करतात, ते मागच्या लेखांकात पाहिले. पण पचलेले अन्न आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरले, तरच ते अंगी लागते. ही भिंतच आजारी पडली तर काय होते, ते आज सिलिअ‍ॅक या आजारावरून समजून घेऊ.

सुमारे ६ मीटर लांबीचे लहान आतडे आतून मखमलीसारखे असते. त्यावरचे रसांकुर जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर उंच; शोषणाचे बहुतेक काम त्यांचेच. सिलिअ‍ॅकमध्ये गहू, सातू आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. रसांकुर झिजतात, अस्तर सपाट होत जाते. ताटात काही कमी नसते, पण ते शोषून घेणारी जागाच आक्रसते.

सर्वाधिक झीज होते ती जठरानंतरच्या पहिल्या वीतभर भागात आणि त्याच्या लगत. लोह नेमके तिथेच शोषले जाते. म्हणून काही रुग्णांत जुलाब किंवा पोटदुखी नसतेच. चेहरा फिका, जिना चढताना धाप आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन जागचे हलत नाही. दूध पचवणारे लॅक्टेज रसांकुरांच्या टोकांशी असते, त्यामुळे दूधही सोसेनासे होते. स्निग्ध पदार्थ शोषले गेले नाहीत, तर शौच तेलकट आणि दुर्गंधीयुक्त होते. सोबत अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जातात. मुलांची वाढ खुंटते, मोठ्यांची हाडे ठिसूळ होतात.

उलट, बी-१२ शोषले जाते लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. क्रोन्ससारख्या आजाराने ते टोक सुजले, तर फटका बी-१२ला बसतो. कमतरता कशाची आहे, यावरून बिघाड कुठे असावा याचा माग काढता येतो.

गव्हाचा हा दोष ओळखला नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. गहू बंद केल्यावर मुले सुधारतात, हे त्यांनी १९३०च्या दशकापासून पाहिले होते. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यानंतर ती खात्री पक्की झाली. १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठातल्या प्रबंधात त्यांनी ते मांडले.

उपचार एकच : आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ चालतात, त्यामुळे भाकरी खाणाऱ्याला हे पथ्य तुलनेने सोपे. मात्र गिरणीत गव्हावर ज्वारी दळली, तर पिठात गहू आलाच. बाजारातल्या बऱ्याच हिंगातही गव्हाचे पीठ असते. डबीवरचे घटक वाचावेत.

लोहाच्या गोळ्या लागू न पडण्यामागे दरवेळी सिलिअ‍ॅकच असतो असे नाही. मासिक पाळीतला जादा रक्तस्राव, जंत हीही कारणे तपासावी लागतात. शंका आल्यास डॉक्टरांना टीटीजी या रक्तचाचणीबद्दल विचारा. गरज पडली, तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. पण तपासणी होईपर्यंत स्वतःच्या मनाने गहू सोडू नका. गहू बंद केला की चाचणी खोटा दिलासा देऊ शकते आणि निदान लांबते.

(पुढील लेखांक : पित्त आणि चरबीचे पचन)