सायकलचं हँडल जड झालंय? तेल ओतण्याआधी हे तपासा

चार महिने चिखल-पाण्यातून चाललेल्या सायकलींचं हँडल दिवाळीच्या सुमारास जड होऊ लागतं. सायकल चालते, ब्रेक लागतो, म्हणून घरात कुणी लक्ष देत नाही. पण नेमक्या याच दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू होतात आणि आठवी-दहावीची पोरं-पोरी त्यांच्या कडेने शाळेला जातात. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या मुलींच्या सायकलीही त्यात असतात. त्यामुळे जड हँडलचं दुखणं अंगावर काढू नये.

जड हँडल धोक्याचं का?

सायकलचा तोल नुसत्या अंगाने सांभाळला जात नाही. सायकल ज्या बाजूला कलते, त्या बाजूला हँडल किंचित वळतं आणि सायकल सावरते. सरळ रस्त्यावरही हे सतत चालू असतं, चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. हँडल अडखळू लागलं की हे बारीक सावरणं उशिरा होतं. सायकल नागमोडी जाते, आणि शेजारून ट्रॉली जात असेल तर तेवढा झोकाही महागात पडतो.

आधी बाहेरून बघा

पुढच्या चाकात हवा कमी असेल तरी हँडल जड लागतं. म्हणून पहिल्यांदा हवा भरा. मग ब्रेकची वायर कुठे ताणली जाते का, बास्केट किंवा कुलपाची साखळी अडते का, ते हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहा.

यातलं काही नसेल तर सायकल दांडीला धरून पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि हँडल बोटाने हळू ढकला. चांगलं हँडल कुठेही न अडता एका बाजूला पडतं. तिथल्या तिथे थांबत असेल तर दोष आत आहे.

आत काय असतं?

हँडलखाली जी उभी नळी असते, तिच्या वरच्या आणि खालच्या तोंडाला लोखंडी वाट्या असतात. त्यात छर्रे असतात आणि त्यावर पुढचा चिमटा फिरतो. हँडल कसं अडतं, यावरून दोष ओळखता येतो:

- सगळीकडे सारखंच घट्ट: वरचा नट जास्त आवळलेला. नवी सायकल जोडताना किंवा दुरुस्तीनंतर हे होतं.
- खरखर, करकर: ग्रीस सुकलं, माती-पाणी शिरलं. सर्व्हिसिंगच्या पंपाने जोरात पाणी मारल्यावरही असं होतं.
- चाक सरळ आलं की खट्टकन अडकतं: वाट्यांना खड्डे पडले. सायकल बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून छर्रे एकाच जागी दणके खातात.
- एका बाजूला मोकळं, दुसरीकडे घट्ट: सायकल आधी पडली किंवा धडकली असेल तर चिमटा वाकल्याची शंका घ्यावी.

नट घट्ट असेल तर

सगळ्यात वरचा लॉकनट मोठ्या पान्याने सैल करा. त्याखालची आट्याची वाटी अगदी थोडी, आठवा भाग फेरा, उलटी फिरवा. मग ती धरून ठेवून लॉकनट पुन्हा आवळा. छिन्नी-हातोड्याने ठोकू नका, आटे खराब होतात.

आता पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलखाली टकटक जाणवली तर नट जास्त सैल झालाय. हँडल हलकं फिरलं पाहिजे आणि टकटकही नको. एका फटक्यात जमत नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

खरखर असेल तर खोलणं आलंच

वरून जळकं ऑइल ओतण्याची सवय अनेकांना आहे. त्याने दोन दिवस बरं वाटतं. मग उरलंसुरलं ग्रीस वाहून जातं आणि तेलावर धूळ चिकटून आणखी चिखल होतो.

खोलताना खाली कापड अंथरा, सुटे छर्रे मातीत गेले की सापडत नाहीत. वरचे आणि खालचे छर्रे वेगळे ठेवून मोजा. वाट्या रॉकेलने धुऊन कोरड्या करा आणि नखाने चाचपा. नख अडकलं तर त्या वाटीला कितीही ग्रीस लावा, उपयोग नाही. पूर्ण सेट बदला. खालच्या वाटीवर भार जास्त, म्हणून बहुधा आधी तीच जाते.

छर्रे बदलताना सगळे नवे आणि एकाच मापाचे घाला. जुना छर्रा दुकानात नेऊन माप जुळवून घ्या. वाटीत छर्रे गच्च कोंबू नका, एखाद्या छर्‍याची जागा मोकळी राहू द्या. ते ग्रीसमध्येच बसवा.

चिमटा वाकलेला असेल तर मात्र घरी सरळ करू नका. ठोकून सरळ केलेला चिमटा पुढे चालू सायकलवर तुटू शकतो. तो बदललेलाच बरा.

जोडून झाल्यावर हँडल चाकाशी काटकोनात आहे का, स्टेमचा नट घट्ट आहे का आणि दोन्ही ब्रेक लागतात का, हे बघा. पहिला फेरा मोठ्या माणसाने अंगणात मारावा, मगच सायकल पोरांच्या हाती द्यावी.