धांवणाऱ्यांच्या दुखापती आणि आपले समज

पहांटेस जालन्याहून मंठ्याकडे अथवा अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यानें निघालें असतां पोलीस भरतीची तयारी करणारीं मुलेंमुली धांवतांना दिसतात. शिपाईपदाच्या शारीरिक परीक्षेंत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. त्या गुणांवर कित्येक शेतकरी कुटुंबांच्या आशा अवलंबून असतात.

आमचा एक माजी विद्यार्थी असाच लंगडत भेटावयास आला. तीन आठवडे नडगी दुखत असतां त्यानें कोणासही सांगितलें नव्हतें. "सर, दुखल्यावांचून पाय घट्ट होत नाहींत," असें तो म्हणाला. वडिलांनीं स्वस्त बुटांस दोष दिला. सोबत्यांचें मत असें कीं, धांवण्यापूर्वीं त्यानें पाय ताणून घेतले नाहींत. हे समज सर्वत्र आढळतात. ते कितपत खरे आहेत तें पाहूं.

ऑस्ट्रेलियाच्या सैन्यांत १,५३८ नव्या रंगरुटांवर झालेला एक प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाला. कांहींनीं कवायतीपूर्वीं पायांचे स्नायू ताणले, कांहींनीं ताणले नाहींत. दुखापती दोहोंकडे जवळजवळ सारख्याच झाल्या. अमेरिकेच्या सैन्यांत तळपायाच्या आकाराप्रमाणें निरनिराळे बूट देऊन पाहिलें. त्यानेंही दुखापती कमी झाल्या नाहींत.

मग खरें कारण कोणतें? १८५५ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील ब्राइटहाउप्ट नामक वैद्यानें लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पायांचें वर्णन केलें. पुढें क्ष-किरणांचा शोध लागल्यावर त्या पायांच्या हाडांस बारीक तडे गेलेले असतात असें दिसून आलें. ताण पडलेलें हाड आधीं आपला शिणलेला भाग काढून टाकतें व नंतर तेथें नवा भरतें. या कामास कित्येक आठवडे लागतात. दम व स्नायू मात्र त्याहून लवकर तयार होतात. म्हणून धांवणाऱ्यास आपण सज्ज झालों असें वाटतें, तेव्हां त्याचें हाड कच्चेंच असतें. मातीची भिंत घालतांना खालचा थर वाळल्याखेरीज वरचा चढवीत नाहींत; जाहिरात निघतांच एकदम रोज धांवूं लागणारा मुलगा ओल्या थरावर थर चढवीत असतो.

यास्तव धांवणें भरतीच्या पुष्कळ आधीं, थोडथोडें सुरू करावें व मधून मधून विसावा घ्यावा. पूर्वीं दुखावलेला पाय पुन्हां दुखावण्याचा संभव अधिक, हेंही ध्यानांत ठेवावें. नडगीवर बोट ठेवतां एकाच जागीं कळ येत असेल, अथवा बसल्या जागीं व रात्रींही ठणका लागत असेल, तर धांवणें थांबवून डॉक्टरांस दाखवावें. आरंभीं क्ष-किरणांच्या चित्रांत तडा बहुधा दिसत नाहीं. तेवढ्यावरून निर्धास्त होऊं नये.

आमच्या विद्यार्थ्याची त्या वर्षींची भरती हुकली. पहिल्या आठवड्यांत त्यानें तोंड उघडलें असतें, तर कदाचित् थोडक्या विश्रांतीनें भागलें असतें. परंतु 'पाय कसा आहे?' असें आम्हीं वडील माणसांनीं तरी त्यास कधीं विचारलें होतें? किती मिनिटें लागलीं, एवढेंच आम्ही विचारीत होतों.