सणांच्या दिवसांतील पाऊस : जुन्या नोंदींचे संकलन व उपयोग

शेतीच्या कामांचा क्रम आपल्याकडे पूर्वापार सणांशी जोडलेला आहे. भोकर तालुक्यात पोळ्यापर्यंत निंदणी-कोळपणी आटोपावी, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन काढावे, दिवाळीत कापसाची वेचणी चालावी, असा सर्वसाधारण रिवाज आहे. म्हणून ‘दसऱ्याला पाऊस असतो काय ?’ हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. कापून शेतात पसरलेले सोयाबीन भिजले, तर शेंगांतच दाण्यांना कोंब फुटतात, दाणा काळवंडतो व बाजारात भाव उतरतो. ऑक्टोबर २०२० च्या मध्यास झालेल्या अतिवृष्टीने मराठवाड्यात असे नुकसान झाले होते. या प्रश्नाचे उत्तर केवळ आठवणीवर न सोपविता पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदींवरून काढता येते. ते कसे काढावे, हे येथे सांगितले आहे.

तिथी आणि तारीख

आपले बहुतेक सण चांद्र तिथीवर ठरतात. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने सण दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातो. दसरा २०२० साली २५ ऑक्टोबरला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला, तर २०२५ साली २ ऑक्टोबरला होता. पावसाची नक्षत्रे मात्र सूर्याच्या गतीवर ठरत असल्याने त्यांच्या तारखा जवळजवळ स्थिर असतात. त्यामुळे वरील तीन दसरे अनुक्रमे स्वाती, चित्रा व हस्त अशा तीन निरनिराळ्या नक्षत्रांत पडले. परतीचा पाऊस ऋतुमानाप्रमाणे चालतो. तो तिथी पाहत नाही. ‘पोळा, पाऊस झाला भोळा’ ही म्हणसुद्धा २०२५ मधील २२ ऑगस्टच्या पोळ्याला आणि २०२३ मधील १४ सप्टेंबरच्या पोळ्याला सारखीच लागू पडेल, असे मानता येत नाही.

नोंदी वाचताना घ्यावयाची दक्षता

१. पर्जन्यमापकाचे माप दररोज सकाळी ८-३० वाजता घेतात आणि मागील २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेस लिहितात. म्हणजे दसऱ्याच्या दुपारी पडलेला पाऊस नोंदवहीत दुसऱ्या दिवशीच्या तारखेस सापडतो.

२. रिकामा रकाना म्हणजे पाऊस नाही, असे समजू नये. सणाला कचेरी बंद असल्यास त्या दिवशीचे माप राहून जाण्याचा व दोन दिवसांचा पाऊस एकत्र लिहिला जाण्याचा संभव असतो. अशा नोंदीपुढे खूण करावी.

३. दशमान पद्धती येण्यापूर्वीच्या नोंदी इंच व सेंटमध्ये आहेत. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, १०० सेंटचा एक इंच होतो.

४. निजामी राजवटीतील दफ्तरात फसली सन आढळतो. त्यात महिन्यानुसार ५९० किंवा ५९१ मिळविले असता इसवी सन येतो.

तक्ता कसा करावा

प्रथम जुन्या पंचांगांवरून किमान ३० वर्षांच्या दसऱ्याच्या तारखा काढाव्यात. एकाच दिवसाच्या पावसावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. म्हणून सणापूर्वीचे तीन दिवस, सणाचा दिवस व नंतरचे तीन दिवस, असा सात दिवसांचा पाऊस घ्यावा. वर्ष, सणाची तारीख, एकूण पाऊस, पावसाळी दिवस व शेरा असे पाच रकाने पुरेत. ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस होतो, त्यास हवामान खाते पावसाळी दिवस मानते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. दसऱ्यांचे दोन गट करावेत : १० ऑक्टोबरपर्यंत येणारे व त्यानंतर येणारे. दोन्ही गट एकत्र ठेवल्यास लवकर आलेल्या दसऱ्याचा धोका सरासरीत झाकला जातो. समजा, पहिल्या गटातील १५ वर्षांपैकी ९ वर्षी पाऊस आढळला आणि दुसऱ्या गटातील १५ पैकी ३ वर्षी. तर पहिल्या गटात पाचांत तीन व दुसऱ्या गटात पाचांत एक, असा संभव धरावा. एकत्रित हिशेबाने मात्र दोन्हींना पाचांत दोन असेच उत्तर मिळाले असते.

उपयोग व मर्यादा

असा तक्ता म्हणजे भाकीत नव्हे. यंदा काय होईल हे तो सांगत नाही. तयारी किती ठेवावी एवढे सांगतो. दसरा लवकर येणार असेल, तर ताडपत्री व मळणीयंत्र यांची व्यवस्था आधी करावी आणि एका दिवसात गोळा करून झाकता येईल तेवढेच पीक कापावे. प्रत्यक्ष कापणीपूर्वी हवामान खात्याचा अंदाज व परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचा सल्ला अवश्य पाहावा.

तालुक्याच्या ठिकाणचा पाऊस प्रत्येक गावाला लागू पडतोच असे नाही. यासाठी महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्रांच्या अलीकडील नोंदी जोडून पाहाव्यात. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने मोकळ्या जागी पर्जन्यमापक बसवून सणासुदीलाही न चुकता माप घेतल्यास पुढील पिढीला गावाचा स्वतःचा तक्ता मिळेल. तयार तक्ता पंचायतीच्या फळ्यावर लावावा, म्हणजे कापणीचा दिवस ठरविताना तो सर्वांच्या दृष्टीसमोर राहील.