पहिल्या सत्राची परीक्षा कुणाची?

आपला मुलगा किंवा मुलगी जेईई, नीट पार करून मोठ्या शहरातल्या नामांकित संस्थेत दाखल झाली की वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो, चौकात फ्लेक्स लागतो. आणि काम फत्ते झाले असे समजून समाज घरी जातो. खरे काम तर तिथून पुढे सुरू होते!

पहिल्या सत्रात काय घडते? जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला मुलगा इंग्रजी व्याख्यानासमोर बसतो. शंका विचारायची तर वाक्य जुळवेपर्यंत तास संपतो. वसतिगृहात पहिला प्रश्न येतो, "रँक किती?" हा प्रश्न साधा नाही. जात न विचारता जात काढून घेण्याची ती सुशिक्षित रीत आहे. त्यानंतर बोलणे कमी होते, अभ्यासाच्या गटातून नाव गळते, प्रॅक्टिकलला जोडीदार मिळत नाही. घरून फोन आला की मात्र उत्तर ठरलेले, "सगळं ठीक आहे, आई."

दर्शन सोळंकी हा अहमदाबादचा दलित विद्यार्थी. मुंबई आयआयटीत पहिल्या सत्राची परीक्षा संपताच, 12 फेब्रुवारी 2023 रोजी त्याने जीवन संपवले. घरच्यांनी जातिभेदाचा आरोप केला. संस्थेच्या चौकशी समितीने त्याच्या खालावलेल्या निकालाकडे बोट दाखवले. पण मुलाचा निकाल का खालावतो, याचे उत्तर कुणी द्यायचे? दिल्लीच्या एम्समध्ये राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांना छळामुळे खोल्या बदलून वेगळे, एकत्र राहावे लागते, हे थोरात समितीने 2007 सालीच नोंदवले होते. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 मध्ये केला. तुमच्या मुलाच्या महाविद्यालयात तो अधिकारी कोण आहे, हे किती पालकांना ठाऊक आहे?

दुसरा घाव पैशाचा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले. पण खोलीची अनामत आणि मेसचे पैसे पहिल्याच महिन्यात भरावे लागतात; अनुदान येते सवडीने. मधल्या महिन्यांत बाप सावकाराकडे जातो, नाहीतर मुलगा एक वेळ जेवतो.

आपल्या महापुरुषांनी हे दुखणे ओळखले होते. शाहू महाराजांनी 1908 साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढले. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह सुरू केले. म्हणजे महाविद्यालयाच्या कितीतरी आधी वसतिगृह! आधी मुलाला हक्काचे छप्पर आणि आपली माणसे, मग पदवी, असा तो क्रम होता. 1913 साली न्यूयॉर्कला गेलेल्या बाबासाहेबांनाही नवल भथेना यांच्यासारखा जिवाभावाचा सोबती लाभला होता. एकट्याने लढावे, अशी सक्ती आपण आपल्या लेकरांवर का करावी?

जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढा. प्रवेशाच्या काळात अनामतीसाठी ती बिनव्याजी द्या, अनुदान आले की परत घ्या. नोकरदार बांधवांनी आपल्या शहरात आलेला एक तरी नवा विद्यार्थी दत्तक घ्यावा. रविवारी घरी जेवायला बोलवावे, इंग्रजीची भीती घालवावी, तक्रार करायची वेळ आली तर अर्ज लिहून सोबत जावे. पालकांनीही "मार्क किती?" याआधी "जेवलास का? कुणाशी बोलतोस?" असे विचारावे. आणि एखादा विषय राहिला तर तो पुन्हा देता येतो, हे लेकराला आजच सांगून ठेवावे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. यातले 'शिका' हे आपल्या मुलांनी करून दाखवले आहे. 'संघटित व्हा' ही जबाबदारी त्यांची एकट्याची नाही, ती आपली आहे. पहिल्या सत्रात परीक्षा मुलांची नसते, समाजाची असते. त्यात आपण नापास होता कामा नये.