मुठीतले चिंचोके

मागच्या वेळी मी कर्जाच्या परतफेडीबद्दल बोलले, तेव्हा एका गटातून निरोप आला, "ताई, कधीतरी हप्ता सोडून दुसरं बोला की." म्हणून आज सिनेमाबद्दल बोलते. आठवडाभरात आपण जे सिनेमे बघतो ते एकमेकींना सांगायचे कसे आणि त्यांना गुण द्यायचे कसे, एवढाच आजचा विषय.

माझ्याकडच्या एका गटात बारा जणी आहेत. दर बुधवारी संध्याकाळी बैठक असते. हजेरी, बचत, वसुली झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या, की पंधरा मिनिटं आम्ही सिनेमासाठी ठेवतो. सुरुवात झाली ती लाइटमुळे. रविवारी दुपारी टीव्हीवर सिनेमा लागला होता आणि ऐन रंगात आल्यावर लाइट गेली. बुधवारी एकीने विचारलं, "पुढं काय झालं गं?" दुसऱ्या वाडीवरच्या चौघींनी तो पूर्ण बघितला होता. चौघी सांगायला लागल्या आणि चार वेगवेगळे शेवट निघाले! हसून पुरेवाट झाली. पण माझ्या लक्षात आलं, की सिनेमा एकच असला तरी प्रत्येकीने बघितलेला वेगळा होता.

मग मी म्हटलं, आपण गुण देऊ या. पाचपैकी किती? अध्यक्षताई म्हणाल्या, पाच. शेजारची म्हणाली, पाच. फिरत फिरत बारा जणींचे साठपैकी साठ झाले. घरी जाताना एक जण हळूच म्हणाली, "ताई, मी तर निम्म्यातच झोपले होते." मग पाच का दिले? "सगळ्यांनी दिले, मी एकटीनं कशाला कमी द्यायचे?"

आपल्या बैठकीत हे नवं नाही. कर्जाच्या मागणीवरही पहिली जे बोलते तेच शेवटपर्यंत जातं. म्हणून पुढच्या बुधवारी मी पिशवीभर चिंचोके नेले. प्रत्येकीला पाच दिले. सिनेमाला जितके गुण द्यायचे तितके उजव्या मुठीत घ्यायचे, उरलेले डाव्या हातात पदराखाली. एक, दोन, तीन म्हटलं की सगळ्यांनी मुठी एकदम उघडायच्या. आधी कोणी बोलायचं नाही. अध्यक्षताईंनी सुद्धा नाही. त्या दिवशी पहिल्यांदा बारा मुठींत वेगवेगळे आकडे दिसले. काही जणी तर स्वतःच्याच मुठीकडे बघून लाजल्या.

मुठी उघडल्यावर खरं काम सुरू होतं. सर्वांत जास्त देणारी आणि सर्वांत कमी देणारी, या दोघींनी आधी बोलायचं. "चांगला होता", "लई भारी होता" एवढं चालत नाही. कोणता प्रसंग, ते सांगायचं. आणि ज्यांनी सिनेमा बघितलेला नाही त्यांच्यासमोर शेवट फोडायचा नाही. हा नियम माझा नाही, त्या लाइट गेलेल्या बाईचा आहे.

गुण नेमके कशाला दिले, हेही विचारावं लागतं. 'बाईपण भारी देवा' 2023 मध्ये आला, केदार शिंदे यांचा. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. गावोगावच्या बायका नटूनथटून घोळक्याने बघायला गेल्या, तशा आम्हीही वडाप ठरवून तालुक्याला गेलो. पुढे चिंचोक्यांचा खेळ सुरू झाल्यावर तो टीव्हीवर पुन्हा बघितला, तेव्हा साठपैकी चोपन्न चिंचोके पडले. मग एका मावशींनी विचारलं, "हे सिनेमाला की त्या दिवशीच्या वडापाला?" खरं होतं. कितीतरी दिवसांनी आम्ही घराबाहेर पडलो होतो, येताना भजी खाल्ली होती, गाडीत गाणी म्हटली होती. मावशी पुढे म्हणाल्या, "त्यातल्या एकीच्या तरी हाताला खुरपं लागतंय का?" कोणाला राग आला, कोणाला पटलं. मला स्वतःला सिनेमा आवडला होता, तरी मावशींचा मुद्दा मी वहीत लिहून ठेवला.

उलट 'एलिझाबेथ एकादशी'ला कोणी वडाप केली नव्हती, मोबाइलवर बघितला. परेश मोकाशी यांचा, 2014 चा, पंढरपुरातला. त्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. सायकलीचं नाव एलिझाबेथ, आणि ती विकावी लागू नये म्हणून मुलं यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात. मुलांसोबत जरूर बघा. पण आमच्याकडे चर्चा सायकलीची झालीच नाही. झाली ती आईच्या स्वेटर विणायच्या मशीनची, कारण कर्ज थकलं म्हणून ते मशीन जप्त होतं. एकीने विचारलं, "ती बाई गटात नव्हती का?" सगळ्या हसल्या. पण जिच्या दारात एकदा फायनान्सवाले येऊन बसले होते ती हसली नाही. तिने पाच दिले आणि म्हणाली, "मशीन नेलं तेव्हा त्या बाईचा चेहरा बघा. तसाच असतो."

आता थोडं हिशोबाचं. जिला वही लिहायची सवय आहे तिला हे लगेच कळेल. एका विनोदी सिनेमाला दहा जणींनी तीन, एकीने चार आणि एकीने दोन दिले. बेरीज छत्तीस, सरासरी तीन. 'सैराट'ला सहा जणींनी पाच-पाच दिले, एकीने दोन, चौघींनी एकेक, आणि एकीची मूठ रिकामी. बेरीज करा, छत्तीसच येते. सरासरी तीन. आकडा तोच, पण पहिल्या सिनेमाने कोणाचंच काही बिघडवलं नव्हतं, आणि दुसऱ्याने गट मधोमध कापला होता. म्हणून मोबाइलवर सिनेमाच्या नावापुढे तारे दिसतात तेव्हा नुसता आकडा बघू नका. किती जणांनी दिले आणि कसे विभागले, तेही दिसत असेल तर बघा.

सिनेमाच्या सुरुवातीला जे सरकारी प्रमाणपत्र दिसतं, ते म्हणजे गुण नव्हेत. 'यू' म्हणजे सगळ्यांनी बघावा असा, 'ए' म्हणजे फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी. मधल्या 'यूए'चे आता 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन भाग केले आहेत. तेवढ्या वयाखालच्या मुलांना दाखवायचा की नाही, ते आईबापांनी ठरवायचं. सिनेमा चांगला की वाईट, याबद्दल त्या कागदावर काही नसतं.

त्या रिकाम्या मुठीकडे परत येते. 'सैराट' 2016 चा, नागराज मंजुळे यांचा. चित्रीकरण करमाळा भागातलं, आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणून आमच्या भागात तो घरचाच वाटतो. त्याचा शेवट आता पोराटोरांनाही ठाऊक आहे, तेव्हा इथे आमचा नियम मोडते. पाच देणाऱ्यांत आमची सगळ्यांत लहान सदस्य होती. ती म्हणाली, "आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, म्हणून पाच." मग रिकाम्या मुठीच्या काकूंची पाळी आली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सिनेमा वाईट न्हाई. पण तो बघून आल्यावर घरातल्या बाप्यांनी माझ्या थोरलीचं कॉलेज बंद केलं. सहा महिन्यांत लग्न लावलं. आता धाकटी अकरावीला हाय, एसटीनं तालुक्याला जाती. टीव्हीवर तो पिच्चर लागला की माझ्या पोटात गोळा येतो."

आमच्या गटात वेगवेगळ्या आळीतल्या बायका आहेत. सिनेमातल्या आर्ची-परश्याच्या जातीचा विषय निघाला तर बैठक मोडेल, अशी मला धास्ती होती. मी विषय बदलणारच होते. तेवढ्यात त्याच मावशी, खुरप्याच्या, म्हणाल्या, "त्या सिनेमात खून कुणी केला? पोरीनं?" नाही. "मग कोंडून कुणाला ठेवायचं?" त्यानंतर जे बोलणं झालं ते सगळं रेडिओवर सांगण्यासारखं नाही. बैठक अंधार पडेपर्यंत चालली, मोडली नाही. एक-एक चिंचोका देणाऱ्या चौघींपैकी दोघींनी सांगितलं, की त्यांनीही घरच्यांच्या भीतीने कमी दिले होते, सिनेमा त्यांना आवडला होता.

एक गंमत सांगते. मागच्या महिन्यात शेळीच्या कर्जाची मागणी आली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "चिंचोके आणा, मुठी उघडू." मी नको म्हटलं. सिनेमाला शून्य दिलं तर सिनेमाचं काही जात नाही. माणसाला नाही म्हणायचं तर तोंडाने, कारण सांगून म्हणावं. माझं हे म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही, अध्यक्षताईंना तर मुळीच नाही.

तुमच्या गटात सुरू करायचं असेल तर चिंचोकेच हवेत असं नाही, हरभरे चालतील. लहान गटाला सोपं जातं. वीस जणी असतील तर दोन ओळी करा, नाहीतर रात्र होते. आठवड्याला एकच सिनेमा घ्या आणि तो किमान निम्म्या जणींनी बघितलेला असू द्या.

गेल्या बुधवारी आम्ही जुना सिनेमा घेतला, 1982 चा 'उंबरठा', जब्बार पटेल यांचा. स्मिता पाटील त्यात लहान मुलीला सासरी ठेवून दूरच्या महिलाश्रमात नोकरीला जाते. एकीच्या मुलाने मोबाइलवर लावून दिला होता. मुठी उघडल्या, तर आमच्यातल्या सासवांकडून एक-दोन आणि सुनांकडून चार-पाच, असा सरळ हिशोब निघाला. फक्त त्या काकू तेवढ्या वेगळ्या. सासू होण्याच्या वयाच्या, आणि पाचही चिंचोके उजव्या मुठीत. मी कारण विचारलं. त्या चपला घालत म्हणाल्या, "पुढल्या बुधवारी सांगते ताई. एसटीची वेळ झाली, धाकटी यायची आता."