रिकाम्या कप्प्यात काय ठेवायचं?

तमिळनाडूत पापनाशम् नावाची दोन ठिकाणं आहेत. एक तिरुनेलवेली जिल्ह्यात, ताम्रपर्णीच्या काठी. दुसरं तंजावर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, कुंभकोणमच्या पश्चिमेला तंजावरच्या रेल्वेमार्गावर. हे दुसरं पापनाशम् संगणकाला नकाशावर शोधायला सांगितलं, की पायथन शिकणाऱ्याला एक महत्त्वाचा धडा मिळतो.

'ओपनस्ट्रीटमॅप' हा 2004 साली सुरू झालेला, लोकांनी मिळून तयार केलेला खुला नकाशा. त्याच्या शोधसेवेला गावाचं नाव दिलं की उत्तर येतं ते एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखं: निकालांची यादी, यादीत एकेक नोंद, नोंदीत 'पत्ता' आणि पत्त्याच्या आत राज्य, जिल्हा, पिनकोड. वस्तीचं नाव मात्र नेहमी एकाच शीर्षकाखाली नसतं. मोठं असेल तर 'शहर', मध्यम असेल तर 'नगर', लहान असेल तर 'खेडं'. पुण्याची नोंद समोर ठेवून लिहिलेला प्रोग्राम 'नोंद, त्यातला पत्ता, त्यातलं शहर' असा थेट हात घालतो आणि पुण्यापुरता बिनचूक चालतो. पापनाशम् हे नगरपंचायतीचं गाव. त्याच्या पत्त्यात 'शहर' असेलच याची खात्री नाही, आणि नसेल तर पायथन 'की-एरर' देऊन तिथल्या तिथे थांबतो. हजार गावांची यादी चालवायला ठेवली असेल, तर उरलेली सगळी गावं तशीच पडून राहतात.

यावरचा पहिला उपाय पायथनच्या डिक्शनरीतच आहे. चौकटी कंसात शीर्षक देण्याऐवजी 'गेट' वापरायचं आणि सोबत पर्यायी मूल्यही द्यायचं. 'पत्ता' सापडला नाही तर रिकामी डिक्शनरी दे, 'शहर' सापडलं नाही तर 'नगर' बघ, तेही नसेल तर 'खेडं'. मधल्या पायरीवर रिकामी डिक्शनरी देण्याचं कारण साधं आहे: पुढच्या 'गेट'ला हात घालायला काहीतरी हवं. यादीला मात्र 'गेट' नसतं. शोधाला एकही निकाल मिळाला नाही आणि पहिला मागितला, तर 'इंडेक्स-एरर' येते. म्हणून यादी रिकामी आहे का, हे आधी तपासावं लागतं.

खरी मेख पुढे आहे. 'गेट' पर्यायी मूल्य देतं ते शीर्षकच नसेल तेव्हा. पण पुष्कळ सेवा शीर्षक पाठवतात आणि त्याच्यापुढे 'नल' लिहितात. पायथनमध्ये त्याचं 'नन' होतं. शीर्षक सापडलं, म्हणून 'गेट' इमानदारीने 'नन' परत देतं आणि पुढची पायरी कोसळते. यावर अनेक जण 'ऑर' लावून रिकामी डिक्शनरी देतात. मधल्या डिक्शनऱ्यांसाठी हे ठीक आहे, शेवटच्या मूल्यासाठी धोक्याचं. कारण पायथनच्या लेखी 0, रिकामी अक्षरमाला आणि 'फॉल्स' ही सगळी 'ऑर'पुढे हरणारी मूल्यं आहेत.

पावसाचंच घ्या. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताचं वेळापत्रक पाण्यावर चालतं. मेट्टूर धरण उघडण्याची रूढ तारीख 12 जून, आणि मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. पर्जन्यमापकाने '0 मिलिमीटर' नोंदवलं, तर ते मोजमाप आहे: पाऊस पडला नाही हे कुणीतरी पाहिलं. 'नन' म्हणजे मोजलंच नाही. 'ऑर' लावून 0 च्या जागी 'माहिती नाही' आलं, तर खरी नोंद पुसली जाते. उलट, न मोजलेल्या दिवसाला 0 दिलं तर महिन्याची सरासरी खोटी कमी होते. इथे 'नन आहे का' असंच स्पष्ट विचारायला हवं. ओळ एकाने वाढली तरी चालेल.

माणसांच्या नावांतही हेच होतं. राजा सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 चा, कुंभकोणमच्या मराठी घराण्यातला. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्या नावातला 'टी' म्हणजे तंजावर. 'आडनाव' सक्तीचं मानणाऱ्या प्रोग्रामने तिथे काय भरावं? संगीतकार पापनाशम् शिवन् यांच्या नावात तर गावच पुढे येऊन बसलं आहे. आडनाव नसणं ही नोंदीतली चूक नव्हे. तिथे 'नन' हेच खरं उत्तर.

पायथनमध्ये सोयी आणखीही आहेत. 2006 च्या 2.5 आवृत्तीत आलेली 'डिफॉल्टडिक्ट' नसलेलं शीर्षक स्वतःच तयार करते. मोजदादीला ती उत्तम, पण नुसतं चौकटी कंसात डोकावलं तरी नवी नोंद जन्माला येते, हे विसरू नये. 'नल' आला तर पुढची साखळी आपोआप थांबवणारं चिन्ह जावास्क्रिप्टला 2020 मध्ये मिळालं. पायथनसाठी तसा प्रस्ताव 2015 मध्येच मांडला गेला होता, तो पुढे ढकलला गेला. म्हणजे निवड अजूनही लिहिणाऱ्याच्या हातात आहे, आणि ती विचारपूर्वकच करायची गोष्ट आहे.

निष्काळजी निवडीची किंमत अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका शेतघराने चुकवली. इंटरनेट-पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या मॅक्समाइंड कंपनीला काही पत्त्यांबाबत 'अमेरिका' एवढंच कळत असे. तेव्हा ती देशाच्या मध्याजवळचा एक ढोबळ बिंदू देई: 38 अंश उत्तर, 97 अंश पश्चिम. पॉटविन गावाजवळचं हे शेत नेमकं तिथे होतं. 60 कोटींहून अधिक इंटरनेट-पत्ते त्या एका बिंदूवर टाकले गेले होते. चोरीला गेलेला फोन शोधणारे, फसवले गेलेले लोक, पोलीस आणि सरकारी तपासनीस वर्षानुवर्षं त्या घराचं दार ठोठावत राहिले. 2016 मध्ये पत्रकारांनी हे उघडकीला आणल्यावर कंपनीने तो बिंदू विचिटा शहराच्या पश्चिमेकडच्या एका तलावात हलवला. त्रास थांबवायला तो उपाय ठीक होता, पण माहिती म्हणून तोही चुकीचाच. उत्तरात 'देश: अमेरिका' एवढंच लिहून अक्षांश-रेखांश रिकामे ठेवायला हवे होते.